काकीच्या हातचं तीर्थ

त्या दिवसांत मी देवाला हात जोडणं सोडून दिलं होतं. भांडण वगैरे काही नाही, फक्त अबोला. सकाळी बायको देव्हाऱ्यात दिवा लावायला बसली की मी मुद्दाम उठून पडवीत जायचो आणि रस्त्याकडे बघत बसायचो. मिसरूड फुटल्यापासून गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवलेला माणूस मी. गावदेवीच्या पालखीपुढे हाताची सालं निघेपर्यंत वाजवलंय. आणि आता तिच्या देवळावरून जाताना मान दुसरीकडे वळवायचो. त्याला कारण होतं. माझ्या थोरल्या बहिणीनं मला दिलेली किडनी माझं शरीर नाकारू लागलंय की काय, अशी शंका डॉक्टरांना येऊ लागली होती. माझं जे जायचं ते जाऊ दे, पण तिनं पोट फाडून दिलेलं कसं जाऊ द्यायचं, हा प्रश्न मी देवीला विचारला होता आणि तिनं उत्तर दिलं नव्हतं.

आमचं गाव टोकावड्याच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत. घरची भातशेती, वर माळावर थोडी नाचणी. अंगावर दुखणं काढायची आम्हा सगळ्यांनाच खोड. पाय सुजले तर म्हणायचं, चालणं जास्त झालं. भूक मेली तर म्हणायचं, पित्त झालं. असं करता करता दोन्ही किडन्या कामातून गेल्या तेव्हा मला कळलं. मग ठरलेल्या वारी एसटी धरून कल्याणला डायलिसिसला जायचं आणि संध्याकाळी पिळून काढल्यासारखं परत यायचं. बायकोला साखरेचा आजार, म्हणून तिची किडनी चालणार नव्हती. ताई खर्डीला दिलेली. तिला कुणी काही विचारायच्या आत ती पिशवी घेऊन दारात उभी राहिली. मी नको म्हणालो, रागावलो, तुझ्या घरी काय म्हणतील असंही बोललो. ती शांतपणे चप्पल काढत म्हणाली, "दोन हायेत ना मला? लहानपणी खाऊ आला तर अर्धा तुला देत होते का नाय? तेव्हा तर तू अर्ध्यावर पण गप बसत नव्हतास."

ठाण्याच्या इस्पितळात ऑपरेशन चांगलं झालं. नवी किडनी लावली आणि टेबलावरच लघवी सुरू झाली, असं डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं. त्या बातमीला माझी बायको देवळातल्यासारखी रडली. दुसऱ्या खाटेवरून ताईनं निरोप धाडला की माझ्या वस्तूला नीट वागव.

पण खरी गोष्ट पुढेच होती. आमच्या डॉक्टर मॅडमनी मला समोर बसवून समजावलं. म्हणाल्या, ही किडनी बहिणीची असली तरी तुमच्या शरीराच्या हिशोबी ती परकी आहे. परकं दिसलं की शरीर त्याच्यावर धावून जाणार, तो त्याचा धर्मच आहे. म्हणून गोळ्यांनी शरीराची ही ताकद मुद्दाम कमी ठेवायची. आयुष्यभर, ठरल्या वेळेला, एकही चुकवायची नाही. मला ते आमच्या राखणीच्या कुत्र्यावरून कळलं. आमचे भावोजी इतकी वर्षं घरी येतात, पण ते आले की कुत्रा बांधून ठेवावाच लागतो. आणि कुत्रा बांधला की मुंगूस येऊन कोंबड्या नेतं. म्हणजे पाहुणा सांभाळायचा तर कोंबड्यांवर आपणच डोळा ठेवायला हवा. त्यातूनच सगळी बंधनं आली. तोंडाला मास्क. पाणी उकळलेलं. बाहेरचं दही नको, चिरून ठेवलेली काकडी नको. गोठ्यात जायचं नाही, शेणात हात घालायचा नाही, चिखलात उतरायचं नाही. गर्दी नको. देवळातलं तीर्थ नको, पंचामृत नको. भातशेतीवाल्याला मातीत हात घालू नको म्हणायचं म्हणजे काय, ते शहरातल्या माणसाला नाही कळायचं. लावणी चालू असताना मी बांधावर खुर्ची टाकून बसायचो. येणारे जाणारे विचारायचे, "काय रे, तोंड बांधून कुठं दरोडा घालाया चाललास?" मी हसायचो, पण घरी आल्यावर बायकोवर उगाच खेकसायचो.

आता काकीचं सांगतो. आई लवकर गेली, त्यामुळे मला आणि ताईला काकीनंच वाढवलं. तिला स्वतःचं मूल नाही. तिचं घर आमच्या घराला लागूनच, मधे फक्त तुळस. आजारी माणसाच्या अंगात ताकद आली पाहिजे, एवढं तिला ठाऊक. ताकद कमी ठेवायचं औषध असतं, हे तिला मी दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा तिनं मला वात झाल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. गावदेवीच्या देवळामागे जुना कडुनिंब आहे. त्याच्यावर गुळवेल चढलेली आहे. कडुनिंबावरची गुळवेल सगळ्यात गुणाची, असं आमच्याकडे मानतात. करोनाच्या दिवसांत अख्ख्या गावानं तिचा काढा प्यायला होता. काकी पहाटे आंघोळ करून जायची, कोवळी कांडी तोडून आणायची, ठेचून उकळायची, पेला देवीच्या पायाशी ठेवायची आणि मग पदराखाली झाकून माझ्याकडे आणायची. "खळखळून उकळलाय हां," असं ती मला खात्री द्यायची. "तुला उकळलेलाच लागतो ना? देवीचा तीर्थ हाय. नाय म्हणायचा नाय."

मी नाही म्हणालोही नाही. उलट मला केवढा आनंद झाला होता! देवळाचं दार मला बंद, पालखी लांबून बघायची, कुणी प्रसादाचा हात पुढे केला की बायको मधे पडणार. आणि हे एकच तीर्थ असं होतं जे मला चालत होतं, कारण ते उकळलेलं होतं. कडू जहर लागायचं. पण पेला रिकामा केला की वाटायचं, देवीनं मला अगदीच टाकलेलं नाही.

काही आठवड्यांनी रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन थोडं वाढलेलं निघालं, म्हणजे किडनीचं काम मंदावत होतं. मॅडमनी विचारलं, गोळ्या वेळेवर घेताय? घेतोय. ताप, जुलाब? नाही. दुसरं कसलं औषध चालू आहे? मी म्हणालो, नाही. अगदी खरं मनानं म्हणालो. तीर्थाला औषध कोण म्हणतं? त्यांनी गोळ्यांचं प्रमाण बदललं. पुढच्या खेपेला आकडा आणखी वर. मॅडम कमी बोलू लागल्या, आणि डॉक्टर कमी बोलू लागला की आपण काय समजायचं ते समजतो. ताईचा फोन यायचा. ती किडनीचं काही विचारायची नाही. भात कसा हाय, म्हैस व्यायली का, एवढंच विचारून फोन ठेवायची. ती विचारत नाही म्हणूनच मला जास्त टोचायचं. तेव्हापासून माझा देवाशी अबोला सुरू झाला. काढा मात्र चालूच होता. देवाशी अबोला धरता येतो, काकीशी कसा धरणार?

मग तो दिवस आला. ठाण्याच्या इस्पितळात परत रक्त द्यायचं होतं आणि सुई घालून किडनीचा तुकडा तपासायचा की नाही, ते ठरणार होतं. बायकोला घेऊन मी पहिल्या एसटीनं निघालो. रक्त द्यायच्या दिवशी सकाळची गोळी आधी घ्यायची नसते, रक्त काढल्यावर घ्यायची. म्हणून गोळ्या खिशात होत्या. आणि पिशवीत काकीनं दिलेली बाटली होती, कारण देवीच्या तीर्थात एका दिवसाचाही खाडा तिला नको होता.

रक्त काढून झालं. बायको खाली पैसे भरायला गेली. मी मॅडमच्या दाराबाहेरच्या बाकावर बसलो, गोळ्या तोंडात टाकल्या, बाटली उघडली आणि वर काढा घेतला. बाजूला एक बाई बसली होती. माझ्याच वयाची असेल, अंगानं किडकिडीत, तोंडाला मास्क. डाव्या हातावर डायलिसिसच्या सुया टोचून टोचून आलेले फुगवटे होते. ते बघितले की आम्हा लोकांना एकमेकांची ओळख पटते, नाव विचारावं लागत नाही.

"दादा, काय पिता ते?" तिनं विचारलं.

"देवीचं तीर्थ."

"हिरवा?"

मला हसू आलं. म्हटलं, "गुळवेल हाय. काकी देवीच्या पायाशी ठेवून देते मला. ताकदीला."

ती हसली नाही. मास्क जरा खाली ओढून तिनं बाटलीकडे नीट पाहिलं. "मॅडमना सांगितलाय?"

"तीर्थाचं काय सांगायचं त्यांना?"

तिनं बाटली माझ्या हातातून काढून घेतली. मग खाली बघत म्हणाली, "मी शहापूरकडची. माझ्या आईनं दिली होती मला. तुमच्यावानीच झाक, एकदम चांगली चालली होती. सासूबाई ताकदीला म्हणून झाडपाल्याचं उकळून द्यायच्या. मायेनंच द्यायच्या हो, त्यांना बोल नाय लावत मी. आईची गेली. कशानं गेली ते डॉक्टर पण सांगत नाय. पण मी काय पित होते ते कुणी विचारला नाय, आणि मी सांगितला नाय. आता परत मशीनवर हाय." एवढं बोलून तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुमची अजून चालू हाय ना?"

मी मान हलवली. तोंडातला कडूपणा तेवढा जाणवत होता.

"मग उठा. आत जाऊन सांगा."

"नंबर यायचाय माझा."

तेवढ्यात दारातून नंबर पुकारला गेला. तो तिचा होता. सकाळपासून ती त्याचीच वाट बघत बसली असणार. डायलिसिसवरच्या माणसाला बाकावर बसून राहणं काय असतं, मला चांगलं माहीत आहे. तिनं हातातली चिठ्ठी माझ्या हातात कोंबली आणि बाटलीही माझ्या हातात दिली. "माझ्या नंबरावर जा. मी बसते. ही बाटली दाखवा त्यांना, नुसता तोंडी नको."

मी आत गेलो. बाटली टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. मॅडमनी झाकण उघडून वास घेतला आणि कपाळाला हात लावला. ज्या ताकदीला आम्ही गोळ्यांनी गप बसवतोय, तीच ताकद गुळवेल जागी करते असं मानतात, म्हणाल्या. "याच्यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण आजपासून एक थेंबसुद्धा नाही." लगेच फोनाफोनी झाली, मला चाकाच्या खुर्चीत बसवून मागच्या दारानं वरच्या मजल्यावर भरती केलं. त्या बाईचा निरोप घ्यायचा राहिला. बायकोला परत खाली धाडलं, तर बाक रिकामा होता. तिचं नाव मला माहीत नाही. पुढे प्रत्येक खेपेला त्या बाकाकडे मी बघत आलोय, ती दिसली नाही. आत जाऊन आली असेल, बरी असेल, असं मी मनाशी धरलंय.

सुईच्या तपासणीत दिसलं की शरीरानं किडनीवर हल्ला करायला सुरुवात केली होती, पण अजून फार पुढे गेलं नव्हतं. सलाईनमधून जोराची औषधं सुरू झाली. तोंड सुजून भोपळ्यासारखं झालं, झोप उडाली. त्या खाटेवर पडल्या पडल्या माझा अबोला मोडला, पण तो भक्तीनं नाही, संतापानं. मी म्हटलं, बये, तीर्थ तुझं, झाड तुझ्या दारातलं, पायाशी ठेवलेलं तुझ्या, देणारी तुझी एवढी भक्तीण. मग त्यातून हे कसं येतं? खूप बोललो. बोलून बोलून दमलो तेव्हा ती बाकावरची बाई डोळ्यापुढे आली. स्वतःच्या आईची किडनी गमावलेली बाई नेमकी माझ्या शेजारी बसते, नेमकी त्याच वेळी मी बाटली उघडतो, आणि ती आपला नंबर सोडते. तीर्थ देवीनं पाठवलं असं मी मानत होतो, मग ही बाई कुणी पाठवली? याचं उत्तर मला माहीत नाही, आणि मी कुणाशी वाद घालणार नाही. पण माझा राग तिथे ओसरला.

ताई भेटायला आली. खाटेशी बसून तिनं मोसंबं सोललं आणि बिया काढत बसली. मी म्हटलं, "ताई, तुझी गेली तर मला माफ कर." तिनं मान वर केली. "गेली तर गेली. दिली तेव्हा काय परत मागायला दिली होती? तू उगाच तिला गच्च धरून बसलायस. जरा सैल सोड आणि झोप." असं कुणी बोललं तर माझ्यासारख्या माणसानं काय करावं? मी लहान मुलासारखा रडलो. त्या दुपारी मी देवीला एवढंच म्हणालो की आता तू बघ, मी गोळ्या वेळेवर घेईन, बाकीचं तुझं. कितीतरी महिन्यांनी मला गाढ झोप लागली.

आकडा हळूहळू उतरू लागला. मॅडम पुन्हा पहिल्यासारख्या बोलू लागल्या, तेव्हाच मला कळलं की धोका टळला. किडनी राहिली.

घरी आलो तर काकी पुढे आलीच नाही. मी तिला काही सांगणार नव्हतो, पण गावात गोष्ट लपते कुठे? ती मधल्या तुळशीच्या पलीकडेच उभी राहिली. माझ्या घरात पाण्याचा पेलाही उचलेना. देवळात जाणं तिनं बंद केलं. मी तिच्या दारात गेलो तर दोन्ही हात पदरात लपवून म्हणाली, "माझ्या हातात इख हाय रे बाला. माझ्या हातचा काय घेऊ नको." मी हसण्यावारी नेलं, समजावलं, चिडलोही, पण काही उपयोग झाला नाही. मला माझ्या आजाराचं नाही वाटलं एवढं तिचं वाईट वाटलं. मी वाचलो होतो आणि ज्या हातांनी मला वाढवलं ते हात माझ्यापायी अपराधी झाले होते.

भात झोडून झाल्यावर आमच्या गावात हरिनाम सप्ताह बसतो. मॅडमनी मोकळ्या हवेत, गर्दीपासून लांब, मास्क लावून बसायची परवानगी दिली होती. पखवाजावर माझ्या जागी दुसरा होता, थोडा घाई करत होता, मी खुर्चीवर बसून मांडीवर ठेका धरत होतो. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं, हंडी फुटली. आमच्याकडे काला कुणी एकट्यानं खात नाही. पोहे, लाह्या, दही, लोणचं एकत्र कालवायचं आणि जो समोर येईल त्याला आपल्या हातानं घास भरवायचा. लहान-मोठा, सोयरा-परका काही बघायचं नाही, आणि कुणी पुढे केलेला घास नाकारायचा नाही. वर्षभर बोलत नसलेली माणसं त्या दिवशी एकमेकांच्या तोंडात घास घालतात. मी तेवढा मांडवाबाहेर, हात मांडीवर ठेवून बसलेला. घास घेऊन कुणी आलं की बायको लांबूनच त्याला थांबवायची. काकी मांडवाच्या शेवटच्या खांबाशी, बायकांच्याही मागे उभी होती. तिचेही हात पदरात. अख्ख्या गावात आम्ही दोघंच कोरडे होतो.

ताई खर्डीहून आली होती. द्रोण घेऊन ती माझ्यापुढे उभी राहिली. मी म्हटलं, "मला नाय चालत गो, तुला माहीत हाय."

"तुला खायला कोण सांगतोय?" ती म्हणाली. "भरवता तर येतो ना? मग बसलायस काय?"

इतके दिवस मला हे सुचलं नव्हतं. आजारी पडल्यापासून मी फक्त घेत होतो. रक्त, किडनी, पैसे, सेवा, त्या बाईचा नंबरसुद्धा. देणारा हात आपल्यालाही आहे, हेच विसरून गेलो होतो. मी उठलो, द्रोणातून घास घेतला आणि खांबाकडे गेलो. काकीनं मान फिरवली. "नको रे," म्हणाली, "मला नको."

"काकी, काल्याचा घास हाय. नाय म्हणायचा नाय," मी म्हटलं. "आ कर."

तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते. मग तिनं तोंड उघडलं, मी घास भरवला. ती तिथेच खांबाला टेकून तो चावत राहिली आणि रडत राहिली, आणि दही तिच्या हनुवटीवर ओघळलं ते मी बोटानं पुसलं. ताईनं मला ओढत नेऊन साबणानं हात धुवायला लावले.

आज किडनी चांगली चालू आहे. पुढे काय होईल ते कुणी सांगू शकत नाही, आणि मीही विचारत नाही. गोळीची वेळ झाली की हातात गोळी घेऊन मी देवीला नमस्कार करतो आणि मग ती घेतो. माझ्या शरीराला दुसऱ्याचं दिलेलं आपलं म्हणायला शिकवायला ही गोळी लागते. मनाला शिकवायला मात्र ताई लागली, ती बाकावरची बाई लागली आणि काकीही लागली. देव आपल्याला हवं त्याच रूपात आणि हव्या त्याच पेल्यातून देईल, हा हट्ट मी सोडलाय. त्या अनोळखी बाईसाठी रोज एक नमस्कार वेगळा करतो.

काकी पुन्हा पहाटे देवळात जाऊ लागली आहे. येताना माझ्याकडे येते. काही आणत नाही. उंबरठ्यावर हात स्वच्छ धुते, माझ्या डोक्यावर ठेवते आणि क्षणभर डोळे मिटते. ओला, गार, रिकामा हात. तेवढं मला चालतं, असं मॅडमनी सांगितलंय.